दोरीवाल्याच्या नावाचा पेला

आमच्या खोर गुराब गावात हे सांगायला आता मीच उरलोय, म्हणून सांगतो. मी सालमीन. शेख मुहैर यांच्या उंटांचा रखवालदार होतो, आणि ज्याची ही हकीकत आहे त्याचा चुलतभाऊ. गावात मला चिडका म्हातारा म्हणतात. म्हणोत बापडे. चिडका असेन, खोटारडा नाही.

त्याचं नाव मुसब्बह. पण आमच्याकडे पहिला मुलगा झाला की बापाचं नाव मुलाच्या नावात बुडून जातं. सुवैदान जन्मला त्या दिवशी मुसब्बह अबू सुवैदान झाला, म्हणजे सुवैदानचा बाप. शेख त्याला तसंच बोलवायचे, बायको शमसा तसंच बोलवायची, आणि पुढे जे झालं त्यानंतरही ते नाव काही सुटलं नाही.

इंग्रज त्याच्या आयुष्यात दोनदा आला. पहिल्यांदा आला तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. बाप किल्ल्याच्या बुरुजावर पहारेकरी. कुणीतरी समुद्रात एक बोट लुटली होती. ती आमच्या माणसांनी लुटली की शेजारच्यांनी, हे विचारायच्या भानगडीत न पडता इंग्रजांची मनवार, म्हणजे लढाऊ जहाज, खाडीच्या तोंडाशी येऊन उभी राहिली आणि तोफा डागायला लागली. पहिला गोळा पाण्यात पडला. दुसरा मासळी वाळत घालायच्या जागी पडला, तीन बायका जागीच गेल्या. तिसऱ्याने बुरूज उडवला. धूळ बसल्यावर मुसब्बहने हाताने दगड उपसले. त्याला बापाचा उजवा हात सापडला, कोपरापासून खालचा, बोटात अंगठी तशीच. बाकी काही मिळालं नाही. हात फडक्यात गुंडाळून पुरला आणि त्याच्यावर बापाची कबर म्हणून दगड उभा केला.

तेव्हाच्या शेखांनी त्याला किल्ल्याच्या बैठकीत कहव्याच्या शेगडीपाशी बसवलं. तिथून तो तीस वर्षं उठला नाही. कॉफीचे दाणे भाजणं, खलात कुटणं, उकळणं, वेलदोडा टाकणं, डाव्या हातात पितळी किटली आणि उजव्या हातात पेले घेऊन बैठकीत फिरणं, हेच त्याचं आयुष्य. त्याच्या बत्त्याचा आवाज खाडीपलीकडे ऐकू जायचा. पाहुणा आलाय की भांडण मिटवायचंय, हे लोकांना नुसत्या ठोक्यांवरून कळायचं.

पहिला पेला वाढणाऱ्याने स्वतः प्यायचा, अशी आमच्याकडे रीत आहे. आत विष नाही हे दाखवायला. आमच्या शेखांच्या घराण्यात अंथरुणावर मरण्याची चाल फारशी नव्हती, तेव्हा ही रीत कुणी हसण्यावारी नेत नसे. अबू सुवैदानचा हात पहिल्या पेल्यासकट आपोआप तोंडाकडे जायचा. घरी शमसाला पाणी देतानाही तो आधी एक घोट घ्यायचा आणि ती चिडवायची, "घ्या, पाण्यातही विष शोधा. मी घालणार असते तर लग्नाच्या दिवशीच घातलं असतं."

त्याची आणखी एक किंमत होती. त्याची आई वाळवंटातल्या बनी रुमैद टोळीची. त्या टोळीच्या मुलखातून परक्याला जायचं तर त्यांच्या रक्ताचा माणूस सोबत लागतो. त्याला आम्ही रफीक म्हणतो. रफीक सोबत असला की वाटसरूचा जीव त्याच्या तोंडावर, म्हणजे अब्रूवर, असतो. वाटसरूला काही झालं तर रफीकचं तोंड काळं, सात पिढ्या काळं. आणि रफीकनेच वाटसरूला दगा दिला, तर त्याच्यासाठी आमच्या भाषेत शिवीसुद्धा नाही, इतकी ती गोष्ट हलकी.

मोत्यांना कुत्रं विचारेनासं झालं, त्या साली इंग्रज दुसऱ्यांदा आला. या वेळी त्याला विमान उतरवायला जागा हवी होती. गावामागे तीन मैलांवर, बनी रुमैदच्या हद्दीत, खारपट्टी आहे, तव्यासारखी सपाट. ती त्यांनी वरून हेरली होती. बोलणी करायला कॅप्टन विल्मॉट नावाचा तरुण अधिकारी आला, सोबत अब्दुर-रसूल हा बहरीनचा दुभाषा. विल्मॉटच्या पट्ट्याला कायम मापाची दोरी लटकलेली असायची, म्हणून गावाने त्याचं नाव दोरीवाला ठेवलं. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर सगळं सोपं झालं असतं.

बोलणी चार महिने चालली. मी दाराशी बसून ऐकायचो.

"तुमचा पक्षी येईल, पाणी पिईल, उडून जाईल," शेख म्हणाले. "मग त्याला घर कशाला बांधताय?"

दुभाष्याने विचारून सांगितलं, "पेट्रोल ठेवायला कोठी लागेल. वैमानिकांना निजायला दोन खोल्या. फौजेची विमानंही उतरतील. आणि पहारा."

"पहारेकरी माझे असतील. झेंडा लागणार नाही. तुमचा एकही माणूस गावाच्या भिंतीआत झोपणार नाही. ओसरी दिली म्हणून हातपाय पसरायचे नाहीत."

दोरीवाल्याने मान डोलावून लिहून घेतलं.

"आणखी एक," शेख म्हणाले. "उन्हाळ्यात आमच्या बायका गच्चीवर झोपतात. तुमचा पक्षी घरांवरून जाणार नाही. समुद्रावरून येईल, समुद्रावरून जाईल."

दोरीवाल्याला हसू आलं, पण त्याने तेही लिहिलं. मग तो म्हणाला की सगळं वरच्या साहेबांना कळवतो, आणि उत्तर येईपर्यंत मनवार खाडीच्या तोंडाशी राहील. मोत्यांची गलबतं तोवर बाहेर पडणार नाहीत.

म्हणजे एका हाताने कहवा आणि दुसऱ्या हाताने गळा. हंगाम तोंडावर, आणि चाळीस गलबतं चिखलात बसलेली. पाणबुडे दिवसभर भिंतीच्या सावलीत बसून एकमेकांच्या उखाळ्यापाखाळ्या काढायला लागले. एकाने खजुराच्या टोपलीवरून मेव्हण्याच्या पोटात खंजीर खुपसला. दुसऱ्या दिवशी त्या मेव्हण्याच्या भावाने त्याचा गळा कापला, मशिदीच्या पायरीवर. लोक शेखांकडे रागाने बघायला लागले, आणि शेखांचा पुतण्या माजिद याला तेच हवं होतं.

माजिदच्या बापाला शेखांनीच मारलं होतं, जेवणाच्या ताटावर. माजिद तेव्हा लहान होता म्हणून वाचला. तो रोज तरुण पोरांना गोळा करून सांगायचा, "काका वाळू विकतोय. आज वाळू, उद्या विहीर, परवा तुमच्या बहिणी." त्या पोरांत सुवैदान होता. वय एकोणीस, ओठावर कोवळी मिशी, आणि डोक्यात फक्त आज्याचा तो हात. बापाने लहानपणी दाखवलेली ती कबर तो माजिदलाही दाखवून आला होता.

एका दुपारी शेख आत निजले होते. बैठकीत वीसेक माणसं. माजिद उठला, अबू सुवैदानच्या हातातली किटली त्याने ओढून घेतली. कहवेवाल्याची किटली हिसकावणं म्हणजे त्याच्या तोंडावर थुंकणं. माजिदने स्वतः एक पेला भरला आणि त्याच्या हातात दिला.

"हा पेला दोरीवाल्याच्या नावाचा," तो म्हणाला. "फिरव, अबू सुवैदान. बघू कोण मर्द पितो."

ही रीत जुनी आहे. असा पेला जो पितो, तो त्या माणसाला मारण्याची जबाबदारी घेतो. प्यायला आणि मारलं नाही, तर त्याच्या दारावर काळं फडकं लागतं आणि त्याच्या घरात मुलगी द्यायला कुणी येत नाही.

दाराजवळ सुवैदान गुडघ्यांवर उठलेला मी पाहिला. त्याचा हात पुढे आला होता. आणि त्याच वेळी अबू सुवैदानने पेला उचलला, तोंडाला लावला आणि पिऊन टाकला.

त्याचं त्यालाच कळलं नाही. त्याचा चेहरा मी बघत होतो. किटली भरली की पहिला पेला आपला, एवढंच त्या हाताला तीस वर्षं ठाऊक होतं. घोट घशाखाली गेला आणि मग त्याचे डोळे मोठे झाले. मी ओरडलो, "हे धरायचं नाही. त्याने चाखला. सवय आहे त्याची, सगळ्यांना माहीत आहे."

दोन-तीन म्हातारे माझ्या बाजूने बोललेही. माजिद हसला. "ठीक आहे, चाखला म्हणू. दुसरा पेला भरतो."

अबू सुवैदानने मुलाकडे पाहिलं. सुवैदान अजून गुडघ्यांवरच होता, हात तसाच पुढे. मग बाप शांतपणे म्हणाला, "चाखला नाही. प्यायलो. पेला माझा झाला. दुसरा भरायची गरज नाही." आणि त्याने रिकामा पेला पालथा घातला.

त्या दिवशी त्याने काय केलं ते मला कळलं, त्याच्या बायकोलाही कळलं. मुलाला मात्र वाटलं की बाप त्याच्या आज्याचा सूड घेणार. त्याने घरी जाऊन बापाच्या हाताचं चुंबन घेतलं. शमसा चुलीपाशी उठून उभी राहिली आणि म्हणाली, "अबू सुवैदान, तुम्हाला शेगडी फुंकता येते. माणूस मारायचं कधी शिकलात?"



चार दिवसांनी दोरीवाला शेवटचं माप घ्यायला येणार होता. रफीक म्हणून अबू सुवैदानच हवा, असा त्याचा निरोप आला. आधी तीन वेळा त्यानेच नेऊन आणलं होतं. शेखांनी त्याला आत बोलावलं. मी उंटांचं विचारायला तिथेच उभा होतो.

"माझ्या बैठकीत पेला फिरला म्हणतात."

"फिरला नाही, शेख. माझ्यापाशीच थांबला."

"मग दुसरा सोबती पाठवू का?"

"दुसरा पाठवलात तर माजिदची माणसं त्याला वाटेत मारतील. माझ्यासोबत असला तर नाही मारणार. त्यांना वाटतंय मीच मारणार आहे."

शेखांनी दाढी कुरवाळली. "आणि तू?"

"वाटेवर तो माझ्या तोंडावर आहे."

"वाट संपल्यावर?"

"वाट संपल्यावरचं वाट संपल्यावर."

सकाळी आम्ही चौघे निघालो. पुढे अबू सुवैदान पायी, खांद्याला मार्टिनी बंदूक. मागे दोरीवाला आणि दुभाषा उंटांवर, शेवटी मी माझ्या उंटिणीवर. चालता चालता मी पुढे जाऊन हळूच विचारलं, "नीट सांग. किनाऱ्यावर पोचवून मग गोळी घालणार आहेस?"

"नाही."

"मग तुझ्या दारावर काळं फडकं लागेल."

"लागू दे. माझ्या दारावर लागेल, माझं तोंड काळं होईल. मी म्हातारा होत चाललोय, माझं तोंड कोण बघतंय? पोराने पेला घेतला असता तर त्याला मारावं लागलं असतं, आणि मग इंग्रजांनी त्याला तोफेच्या तोंडी दिला असता. वर गाव गेलं असतं ते वेगळंच. एक हात पुरलाय मी, सालमीन. दुसरा पुरायचा नाही."

एवढाच त्याचा हिशेब होता. पोरगा जगावा, त्याचे हात कोरे राहावेत. बाकी सगळं तो स्वतःच्या अंगावर घ्यायला तयार होता. मला त्याचा राग आला आणि रडूही आलं. मी त्याला गाढव म्हणालो. तो म्हणाला, "उंटांच्या माणसाला तेवढंच सुचणार."

खारपट्टीवर दोरीवाल्याने दोरी पसरली, दगड मांडले, चुन्याच्या खुणा केल्या. दुपारपर्यंत काही झालं नाही. मला वाटलं निभावलं. पण अबू सुवैदानची एक चूक झाली होती. माजिदला तो फसवू शकला नव्हता. लहानपणापासून ज्याच्या हातचा कहवा प्यायला, त्या माणसाच्या हातून रक्त सांडणार नाही, हे माजिदने ओळखलं होतं. त्याने सकाळीच सुवैदानला गाठून सांगितलं होतं, "तुझा बाप दोरीवाल्याला जिवंत परत आणणार. संध्याकाळी तुमच्या दारावर काळं फडकं. बापाची अब्रू वाचवायची तर पेला तुलाच फेडावा लागेल." हे मला नंतर कळलं.

परतताना घाफच्या झाडांपाशी वाट दोन टेकड्यांमधून जाते. पहिली गोळी अब्दुर-रसूलच्या घशात लागली. तो बोलता बोलता थांबला आणि उंटावरून सरळ खाली आला, रक्त दोन हात लांब उडालं. दुसरी गोळी दोरीवाल्याचा कान चाटून गेली. तिसरी त्याच्या उंटाच्या डोक्यात. उंट कोसळला. अबू सुवैदानने दोरीवाल्याला गचांडी धरून उंटाच्या पोटामागे ढकललं आणि मला ओरडला, "याच्यावर पड." मी पडलो. दोरीवाल्याच्या कानातलं गरम रक्त माझ्या दाढीत येत होतं. त्याच्या तोंडातून हाक येत होती, कुठल्या भाषेत ते कळलं नाही, पण आईलाच होती.

मी मान उचलून पाहिलं. अबू सुवैदान डावीकडून वाकून पळत टेकडीच्या मागे गेला. ज्याने आयुष्यात कोंबडीही दुसऱ्याकडून कापून घेतली, तो माणूस. वर तिघे होते, मुंडाशांनी तोंडं बांधलेली. दोघांनी त्याला येताना पाहिलं आणि ते पळाले. तिसरा बंदुकीत गोळी भरत होता आणि त्याचं सगळं लक्ष खाली आमच्याकडे होतं. तो नेम धरायला लागला. अबू सुवैदान वीस पावलांवर होता. रफीकला विचार करायची मुभा नसते. त्याने गोळी झाडली. ती बरगडीत शिरली आणि पाठीतून हाताएवढं भोक पाडून गेली.

मग मी त्याचा आवाज ऐकला. तो ओरडला नाही. उंट बसवताना आपण करतो तसा बारीक आवाज त्याच्या तोंडातून आला, आणि तो थांबेचना. मी धावत वर गेलो. मुंडासं सुटलं होतं. सुवैदानच्या कोवळ्या मिशीवर रक्ताचे बुडबुडे येत होते.

"बाबा," तो म्हणाला, "तुमच्या दारावर फडकं लागू नये म्हणून आलो."

"बोलू नकोस."

"मी तुमचा पेला..."

एवढंच. पुढे त्याने वाळू मुठीत धरली आणि सोडली. बापाने त्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं. मी बाजूला बसून स्वतःच्या तोंडात मारून घेत होतो. माणसाला जगात आणखी काय काय बघायला लावतोस रे देवा, असं मी तेव्हा म्हणालो, आणि आजही म्हणतो.

मग तो उठला. मला वाटलं आता तो खाली जाऊन दोरीवाल्याला मारेल, आणि खरं सांगतो, मी अडवलं नसतं. पण त्याने मुलाचं मुंडासं नीट केलं, चेहरा पुन्हा झाकला आणि म्हणाला, "याला तुझ्या उंटिणीवर घे. कोण म्हणून विचारलं तर दरोडेखोर सांग. वाट अजून संपलेली नाही."

दुभाष्याला वाळूत झाकून ठेवलं. उरलेली वाट तो पुढे चालला. बंदूक खांद्याला, मान ताठ. एकदाही मागे वळून उंटिणीकडे पाहिलं नाही. किनाऱ्यावर मनवारीची होडी थांबली होती. तिथे तो बाजूला झाला आणि म्हणाला, "इथवर."

दोरीवाल्याने त्याचे दोन्ही हात धरले. तो मोडक्यातोडक्या अरबीत म्हणाला, "शाबास, अबू सुवैदान. घरी जाऊन तुझ्या मुलाला सांग, बापाने आज काय केलं."

तो हे बोलत होता तेव्हा सुवैदान चार हातांच्या अंतरावर माझ्या उंटिणीवर आडवा होता. त्याच्या बोटांवरून रक्त ठिबकून ओल्या वाळूत जात होतं.

"सांगतो," अबू सुवैदान म्हणाला.

तिथून आम्ही थेट किल्ल्यात गेलो. बैठक भरली होती, शेख होते, माजिदही होता. अबू सुवैदानने मुलाला उचलून शेगडीपाशी ठेवलं आणि तोंडावरचं फडकं काढलं. माजिद उभा राहिला. त्याला पश्चात्ताप व्हायचं काही कारण नव्हतं, तशी त्याची जातकुळी नव्हती. तो म्हणाला, "प्यायलास, पण मारलं भलत्यालाच. काळं फडकं तयार ठेव."

अबू सुवैदानने खलातला पितळी बत्ता उचलला. पहिला घाव माजिदच्या गुडघ्यावर बसला, तो खाली आला. मग याने त्याच्या मनगटावर पाय दिला, ज्या हाताने पेला भरला होता त्याच हाताच्या. आणि कुटायला लागला. दाणे कुटताना जशी लय असायची, तीच लय. बोटं, तळवा, मनगट. माजिद किंचाळत होता, हाडं खजुराच्या बियांसारखी फुटत होती. माजिदचे दोन गुलाम खंजीर काढून पुढे सरसावले, तर शेखांच्या माणसांनी एकाला जागीच भोसकलं. खाडीपलीकडच्या लोकांना बत्त्याचा आवाज ऐकू गेला असणार. कुणीतरी मोठा पाहुणा आलाय असं त्यांना वाटलं असेल. सगळं संपल्यावर अबू सुवैदानने बत्ता धुतला, खलात ठेवला आणि म्हणाला, "आता मला पोराला न्हाऊ घालायचंय."

माजिदला रात्र पडायच्या आत उंटावर बांधून हाकलून दिलं. तो पुढे आठवडाभर ताप येऊन वाळवंटात मेला असं ऐकलं.

पण इंग्रजाचा दुभाषा मेला होता. मनवारीने दुसऱ्या दिवशी सकाळी नव्या बुरुजावर एक गोळा टाकला. दोन पहारेकरी गेले. मग कागद आला, की दुपारपर्यंत सही, नाहीतर पुढचे गोळे घरांवर. त्या कागदात शेखांची एकही अट नव्हती. पहारेकरी त्यांच्या पसंतीचे, झेंडा त्यांचा, आणि आकाश सगळं त्यांचं. शेखांनी गच्चीवरच्या बायकांची गोष्ट पुन्हा काढली. उत्तर आलं की करारात तशी सोय नाही. शेखांनी सही केली. सही करताना माझ्याकडे बघून म्हणाले, "एका पेल्यात चार महिन्यांचं बोलणं बुडालं, सालमीन."

गलबतं सुटली, महिन्याभरात पहिलं विमान आलं, आणि ते थेट आमच्या घरांवरून गेलं. शमसा गच्चीवर होती. तिने तोंड झाकलं नाही. वर बघत ती उभी राहिली. त्या दिवसापासून मरेपर्यंत तिने नवऱ्याच्या हातचा कहवा घेतला नाही. बोलायची, जेवायला वाढायची, आजारात पाय चेपायची, पण कहवा नाही. त्याच्या दारावर काळं फडकंही लागलं नाही. कुणाची हिंमत झाली नाही म्हणा, किंवा त्या दाराला आता काळं करण्यासारखं काही उरलं नव्हतं म्हणा.

पहारेकरी इंग्रजांच्या पसंतीचे हवे होते ना, तर त्यांनी पहिलं नाव अबू सुवैदानचं दिलं. भरवशाचा माणूस म्हणून. वैमानिकांच्या त्या दोन खोल्यांत त्याने पुढची बारा वर्षं शेगडी पेटवली. मोठी लढाई आली, गेली. बॉम्बची विमानं उतरायची, पेट्रोल प्यायची, कुणाकुणाला मारायला उडून जायची. हा सगळ्यांना कहवा द्यायचा. एक गोष्ट मात्र बदलली होती. पहिला पेला तो आता वाळूत ओतायचा. स्वतः चाखत नसे.

लढाई संपल्यावर एकदा दोरीवाला आला. केस पांढरे, कानाचा वरचा तुकडा गेलेला, मोठा साहेब झालेला. आता अरबी आमच्यासारखी बोलत होता. रीतभातही शिकला होता. मला त्याने ओळखलं नाही. अबू सुवैदानला मात्र मिठी मारली, नाकाला नाक लावलं, आणि आमच्या रीतीप्रमाणे आधी घरच्यांची विचारपूस केली.

"सुवैदान कसा आहे? त्याला सांगितलंत का त्या दिवशीचं?"

"त्याला माहीत आहे."

"आता मोठा झाला असेल."

"आहे तेवढाच आहे," अबू सुवैदान म्हणाला आणि किटली उचलली.

आम्ही पाच-सहा जण भिंतीला टेकून बसलो होतो. कुणी मान वर केली नाही. त्याने पहिला पेला वाळूत ओतला, दुसरा भरून साहेबापुढे धरला. साहेबाने तो लगेच घेतला नाही. गंमतीने बोट हलवून म्हणाला, "अबू सुवैदान, रीत विसरलात. आधी वाढणाऱ्याने प्यायचा असतो."

"तुमच्या नावाचा मी फार पूर्वीच प्यायलोय, साहेब."

साहेबाला ते सौजन्य वाटलं. तो हसला, तीन पेले प्यायला, तिसरा ‘आता पुरे’ या खुणेने हलवून परत दिला. विमान तयार होतं. अबू सुवैदानने किटली खाली ठेवली, कोपऱ्यातली मार्टिनी खांद्याला लावली आणि त्याच्या पुढे चालत त्याला विमानाच्या शिडीपर्यंत पोचवून आला.